वन बीएचकेमध्ये, एका खिडकीच्या उजेडात मॅटर्निटी फोटो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर घर, इमारतीला लिफ्ट नाही. तुमच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, 31वा आठवडा चालू आहे आणि डॉक्टरांनी जिन्याची चढउतार कमी करायला सांगितल्यामुळे स्टुडिओचा बेत रद्द झालाय. हाताशी एक चांगला फोन आहे आणि मित्राचा जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा), त्याबरोबर दोन लेन्स: झूम होणारी 18-55 एमएम आणि झूम न होणारी 50 एमएम. हॉल 10 बाय 14 फुटांचा. रिंगलाइट कुठला घ्यावा आणि मागे कुठल्या रंगाचा पडदा लावावा, असं तुम्ही विचारलंत. शेवटी जाता जाता लिहिलंत की डोहाळजेवणाचे फोटो बघून ती म्हणाली, "यात मी नुसती जाड दिसतेय, आता आणखी फोटो नकोत."

मी नाशिकला लोकांच्या घरी जाऊन फोटो काढते आणि त्यातलं बरंचसं काम गरोदर बायकांचं आणि तान्ह्या बाळांचं असतं. तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. डोहाळजेवणाच्या फोटोंत वहिनी जाड का दिसल्या, ते एकदा नीट कळलं की काय विकत घ्यायचं हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही.

डोहाळजेवणाचे फोटो बहुतेक सगळीकडे सारखेच निघतात. बाई झोपाळ्यावर किंवा खुर्चीत समोर तोंड करून बसलेली, मांडीवर ओटी, पोटावरून पदर, आणि फोटो काढणारा अगदी समोरून फ्लॅश मारतो. गोल वस्तू गोल दिसते ती तिच्यावर उजेडाकडून सावलीकडे हळूहळू जाणाऱ्या छटांमुळे. उजेड थेट कॅमेऱ्याच्या बाजूने आला की त्या छटा पुसल्या जातात. मग पोटाची गोलाई दिसत नाही, फक्त शरीराची रुंदी दिसते. बघणाऱ्याला बाळ दिसत नाही, वाढलेलं वजन तेवढं दिसतं. वहिनींना फोटोत जे दिसलं ते खरोखर तसंच होतं, त्यांची समजूत घालू नका. पण दोष उजेडाच्या दिशेचा होता.

रिंगलाइट नको म्हणते तेही याचसाठी. रिंगलाइट म्हणजे कॅमेऱ्याभोवतीच लावलेला उजेड, म्हणजे पुन्हा समोरूनच. मेकअपच्या व्हिडिओला तो चांगला, कारण तिथे चेहऱ्यावर सावली नकोच असते. आपल्याला सावली हवी आहे. ती तुमच्या हॉलच्या खिडकीतून फुकट मिळते.

खात्री करून घ्यायची असेल तर आजच एक नारळ घ्या. सगळे दिवे बंद करून तो खिडकीपासून दोन-तीन फुटांवर स्टुलावर ठेवा. आधी खिडकीकडे पाठ करून त्याचा फोटो काढा. मग खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याला येईल असे उभे राहून दुसरा काढा. तिसरा आणखी थोडं आत सरकून, नारळाची सावलीची बाजू तुमच्याकडे येईल असा. तिन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा, मी काय म्हणते ते लगेच लक्षात येईल. सेटिंगचा सगळा सराव त्या नारळावरच उरकून घ्या. वहिनींना उभं करून कॅमेऱ्याची बटणं शोधत बसू नका.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते. पहिली गोष्ट तब्येत. मॅटर्निटी फोटोंसाठी साधारण 28 ते 34 आठवडे हा काळ बरा पडतो. पोट नीट आकाराला आलेलं असतं आणि पायांवरची सूज, धाप, झोप न होणं हे अजून टोकाला गेलेलं नसतं. जुळी असतील तर मी यापेक्षा बरंच आधी काढून घ्यायला सांगते. तुम्ही वेळेत आहात, पण जिने कमी करायला का सांगितलंय त्यावर पुढचं ठरेल. नुसता थकवा कमी व्हावा म्हणून सांगितलं असेल तर मधूनमधून उभं राहायला हरकत नसावी. रक्तदाब, वार (प्लॅसेंटा) खाली असणं किंवा असलं काही कारण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, की दहा-पंधरा मिनिटं उभं राहिलं तर चालेल का. नाही म्हणाले तर सगळे फोटो बसून आणि कुशीवर झोपून काढा. तेही सुंदर होतात, त्यात काही कमी पडल्यासारखं वाटून घेऊ नका.

दुसरी गोष्ट खिडकी. फोनमधलं होकायंत्र उघडून तिची दिशा बघा. उत्तरेची असेल तर दिवसभर मऊ उजेड मिळतो, वेळेची घाई नाही. पूर्वेची असेल तर कोवळं ऊन आत येऊन गेल्यावरची, साडेदहा-अकराच्या पुढची वेळ धरा. पश्चिमेची असेल तर दुपारी ऊन आत शिरायच्या आधी उरका. दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात बराच वेळ थेट ऊन येतं. थेट ऊन आलंच तर बॉक्स ग्रिलच्या गजांचे पट्टे पोटावर पडतात आणि फोटो वाया जातो. त्यावर उपाय म्हणजे खिडकीला पांढरा पातळ पडदा, पांढरी ओढणी किंवा जुनं मलमलचं धोतर लावायचं. पावसाळ्यात ढगांनी भरलेलं आभाळ म्हणजे सगळ्या गावावर ताणलेला एक मोठा पांढरा पडदाच, तेव्हा वेगळं काही लावायला नको. फक्त उजेड कमी पडतो.

मुंबई-ठाण्याकडच्या घरांत आणखी एक अडचण हमखास येते. पावसासाठी खिडकीवर निळी ताडपत्री किंवा बाल्कनीला हिरवी शेडनेट लावलेली असते. तिच्यातून येणारा उजेड कातडीवर निळा-हिरवा पडतो आणि नंतर दुरुस्त करायला फार त्रास देतो. तेवढ्या वेळापुरती ती बाजूला करा. समोरची इमारत अगदी जवळ आणि भडक रंगाची असेल तर तिचाही रंग आत येतो. अशा वेळी सरळ कृष्णधवल फोटोंचा बेत करावा.

खोलीची तयारी. ट्यूबलाइट, एलईडी, देवघरातला दिवा, टीव्ही, सगळं बंद. घरातले दिवे लावले की उजेड वाढतो हे खरं, पण त्यांचा रंग खिडकीच्या उजेडापेक्षा वेगळा असतो. केल्विन या उजेडाच्या रंगाच्या मापात पिवळ्या बल्बचा उजेड साधारण 2700 ते 3000 चा, दिवसाचा सुमारे 5500 चा. दोन्ही एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर होते. शिवाय छताचा दिवा डोळ्यांखाली काळी वर्तुळं पाडतो, आणि शेवटच्या तीन महिन्यांत झोप कमी झालेल्या बाईला ती नकोच असतात. काही बायका "अंधारात कसले फोटो" म्हणतील, पण पहिला फोटो दाखवलात की विश्वास बसेल.

मागच्या पडद्यासाठी काही विकत आणू नका. घरातली सगळ्यात साधी भिंत घ्या आणि तिच्यावरचं कॅलेंडर, घड्याळ, चार्जरची वायर काढून ठेवा. सोफा सरकवता आला तर वहिनींना भिंतीपासून तीन-चार फूट पुढे उभं करा. भिंत आपोआप अंधारते आणि पुसट होते. भिंत गडद गुलाबी किंवा पोपटी असेल तर एखादी फिक्या रंगाची चादर इस्त्री करून लावा. न इस्त्री केलेल्या चादरीची प्रत्येक घडी फोटोत दिसते.

सावलीची बाजू फारच काळी पडत असेल तर कपडे वाळत घालायच्या स्टँडवर पांढरी चादर टाकून तो खिडकीच्या विरुद्ध बाजूला, वहिनींपासून तीन फुटांवर ठेवा. चादरीवरून परतणारा उजेड सावलीत थोडा जीव आणतो. जवळ आणलात तर सावली फिकी होते, लांब नेलात तर गडद. माझा कल चादर थोडी लांब ठेवण्याकडे असतो, कारण सावली पूर्ण भरून काढली की गोलाई पुन्हा गेलीच.

आता लेन्सचं बघू, कारण इथे खोलीचं माप आड येतं. मित्राच्या डीएसएलआरचा सेन्सर, म्हणजे आतली फोटो टिपणारी चकती, बहुतेक एपीएस-सी नावाच्या लहान मापाची असणार, त्यामुळे फ्रेममध्ये कमी मावतं. त्यावर 50 एमएम लेन्सने पूर्ण उभी व्यक्ती घ्यायला तुम्हाला सुमारे 14 फूट मागे जावं लागेल, आणि तुमचा हॉलच 14 फुटांचा आहे. म्हणून 50 एमएम ठेवा ती डोक्यापासून मांडीपर्यंतच्या फोटोंसाठी, त्याला सात-आठ फूट पुरतात. पूर्ण उंचीचे दोन-तीन फोटो हवे असतील तर 18-55 ही लेन्स 35 वर ठेवून दहा फुटांवरून काढा. 18 वर नेऊन जवळून काढायचा मोह होईल, पण तसं केलं की कॅमेऱ्याच्या जवळची गोष्ट मोठी आणि लांबची लहान दिसते. म्हणजे पोट अवाढव्य आणि चेहरा एवढासा. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याचंही हेच होतं. फोनवर काढताना 2x वर जा आणि स्वतः मागे सरका. कॅमेरा छातीच्या उंचीवर, सरळ धरा, वरून किंवा खालून तिरका नको.

सुरुवातीला 50 एमएमवर अॅपर्चर (लेन्स किती उघडते) 2.8, शटर (किती वेळ उघडं राहतं) 1/160 सेकंद, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) 400 लावून बघा. ढगाळ दिवस असेल तर आयएसओ 1600 पर्यंत बिनधास्त न्या. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. अॅपर्चर 1.8 वर ठेवून काढलात तर डोळे स्पष्ट आणि हात पुसट असं होईल, म्हणून ते टाळा. व्हाइट बॅलन्स (रंग जुळवायची सेटिंग) ऑटोवर न ठेवता दिवसाच्या उजेडावर पक्का करा, नाहीतर हिरवी साडी आणि लाल साडी यांत कातडीचा रंग बदलत राहतो. फोनवर ब्यूटी मोड आधी बंद करा. मग गालाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस पक्का झाला की उजेड थोडा कमी करा. मागचं पुसट करणाऱ्या पोर्ट्रेट मोडचा भरवसा ठेवू नका. तो बांगड्या, गजरा, सुटे केस यांच्या कडा खाऊन टाकतो.

कपड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडचा गोंधळ इथेच असतो. डोहाळजेवणाची हिरवी साडी पुन्हा नेसायची इच्छा असेल तर जरूर नेसा, पण कापड बघा. पैठणी किंवा जाड काठाची सिल्कची साडी अंगापासून सुटी, फुगीर उभी राहते आणि पोटाचा आकार झाकते. शिफॉन, जॉर्जेट, मऊ सुती किंवा मलमलची साडी अंगाबरोबर राहते. निऱ्या पोटाच्या खाली खोचा, पोटावर नको. पदर पसरू न देता बारीक चुण्या करून छातीवरून न्या, म्हणजे पोटाची कड बाजूने मोकळी दिसते. पैठणीच हवी असेल तर खांद्यावर आणि मांडीवर तिचा पदर दिसेल असे बसलेले फोटो काढा. साडी नको असेल तर अंगाला बसणारा एकरंगी लांब ड्रेस उत्तम. मोठी फुलं आणि आडवे पट्टे टाळा. लांब घेरदार, जमिनीवर लोळणारे गाऊन भाड्याने मिळतात, पण गुळगुळीत टाइल्सवर ते पायात येतात. मी ते घरात वापरू देत नाही.

उघड्या पोटाचे फोटो काढायचे की नाही, हे फक्त वहिनींनी ठरवायचं. तुम्ही नाही, सासूबाईंनी नाही आणि माझ्यासारख्या फोटोग्राफरनेही नाही. 1991 च्या ऑगस्टमध्ये व्हॅनिटी फेअर या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर फोटोग्राफर अॅनी लीबोविट्झने काढलेला हॉलिवूडची नटी डेमी मूर हिचा फोटो आला, तेव्हा डेमी सात महिन्यांची गरोदर होती. पोटाखाली हात धरून उभं राहण्याची ती ढब तेव्हापासून जगभर पसरली. म्हणून प्रत्येकीने तसेच फोटो काढावेत असं काही नाही. काढायचे असतील तर तासभर आधी परकराची नाडी सोडून सैल गाऊन घाला, नाडीचे वळ जायला वेळ लागतो. पोटावर खोबरेल तेलाचं एक बोट फिरवलं की सावळ्या कातडीवर बाजूचा उजेड फार सुरेख खुलतो.

प्रत्यक्ष फोटो काढताना वहिनींना खिडकीशी काटकोनात उभं राहायला सांगू नका, त्यांना काही कळणार नाही. "खिडकीकडे तोंड करून बाहेर बघ" एवढंच सांगा आणि तुम्ही बाजूला जा. पोट उजेडात आणि पाठ सावलीत, हा पहिला फोटो. वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा किंचित वाकवलेला, एक हात पोटाखाली, दुसरा वर किंवा खिडकीच्या गजावर. बोटं ताठ नकोत. मग खांदे थोडे तुमच्याकडे वळवायचे, पोट तसंच ठेवायचं. हे झालं की बसायला द्या.

माझे सगळ्यात आवडते फोटो मात्र यानंतर मिळतात, बाई कॅमेऱ्याचं विसरते तेव्हा. त्यासाठी हाताला काम द्या. गजरा ओवणं, वेणी घालणं, आईच्या जुन्या साडीच्या दुपट्याची घडी घालणं. झबली-टोपडी बाळ येण्याआधी घरात आणायची नाहीत अशी तुमच्याकडे पद्धत असेल तर ती पाळा, वादात पडू नका. आई किंवा सासूबाई घरात असतील तर त्यांना केसांना तेल लावायला बसवा आणि तुम्ही लांबून 50 एमएमने टिपत राहा. म्हाताऱ्या हातांचे आणि पोटावरच्या हाताचे जवळून घेतलेले फोटो वहिनींना "जाड" वाटणारच नाहीत.

तुम्ही स्वतःही फोटोत यायला हवं. डायनिंग टेबलावर स्टीलचे डबे रचून त्यावर फोन ठेवा आणि दहा सेकंदांचा टायमर लावा. कॅमेऱ्याकडे बघू नका. वहिनींच्या पाठीमागे उभे राहून हात त्यांच्या हाताखाली ठेवा आणि कानात काहीतरी खरं बोला.

काळजीचं बोलते. शेवटच्या तिमाहीत पाठीवर सपाट झोपवून फोटो काढू नका. गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं आणि चक्कर येऊ शकते. झोपलेला फोटो डाव्या कुशीवरचा, पाठीला आणि गुडघ्यांमध्ये उशी देऊन. स्टूल, पलंग, गच्चीचा कठडा यावर चढवणं नाही. उजेडाच्या रेषा दिसाव्यात म्हणून धूप किंवा उदबत्तीचा धूर करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दर दहा मिनिटांनी बसणं, पाणी, काहीतरी खाणं. डोकं जोरात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर तिथेच थांबून डॉक्टरांना फोन.

सोनोग्राफीचं चित्र हातात धरून फोटो काढायचा असेल तर वर छापलेलं नाव, वय, दवाखाना हे बोटाखाली झाका. मुलगा-मुलगी जाहीर करायचे निळे-गुलाबी सेट नेटवर दिसतात, पण आपल्याकडे 1994 च्या कायद्याने गर्भलिंगनिदानाला बंदी आहे, त्यामुळे ते आपल्यासाठी नाहीत. बर्फी-पेढ्याचा अंदाज खेळलात तेवढा पुरे. घरात कुणाला नजर लागायची भीती वाटत असेल तर बाळ येईपर्यंत फोटो कुठेच टाकू नका, त्याने तुमचं काही बिघडत नाही. आणि फोनमधले फोटो कुटुंबाच्या सामाईक अल्बममध्ये आपोआप जात नाहीत ना, ते आधी तपासा. हे खरंच महत्त्वाचं आहे.

नंतरची दुरुस्ती कमीत कमी करा. उजेड थोडा वरखाली, फ्रेम सरळ, झालं. पोटावरच्या रेषा काढायच्या का, हे वहिनींना विचारा. रंग गोरा करू नका आणि कंबर बारीक करू नका. त्यांनी "जाड दिसते" म्हटल्यावर अॅपमध्ये बारीक केलेला फोटो दाखवणं म्हणजे त्यांचं म्हणणं मान्य केल्यासारखं होईल.

थोडक्यात क्रम असा धरा: आदल्या दिवशी नारळावर सराव आणि भिंत रिकामी, त्या दिवशी जेवण आणि थोडी झोप झाल्यावर सुरुवात, दिवे बंद, आधी उभ्याचे फोटो, मग बसलेले, मग कुशीवरचे. सगळं मिळून पाऊण तासाच्या आत. दमल्याचं तोंडावर दिसायला लागलं की उरलेले दुसऱ्या दिवशी काढा. घरी फोटो काढण्याचा हाच तर मोठा फायदा आहे, स्टुडिओत वेळ संपते.

खिडकीची दिशा तुम्ही लिहिलेली नाही आणि समोर इमारत किती जवळ आहे तेही. तेवढं कळवा. जमलं तर दिवे बंद करून दुपारी बाराच्या सुमारास काढलेला हॉलचा एक फोटोही दाखवा, म्हणजे वहिनींना कुठे बसवायचं आणि किती वाजता ते नेमकं सांगता येईल.